अश्रू ढाळणारी बुरशी

घराच्या दर्शनी भागाची माणूस जितकी निगा राखतो, तितकी त्याच्या तळाची राखत नाही. भिंतीला रंग, दारांना रोगण, छपराला नवी कौले, हे सारे वेळच्या वेळी होते. परंतु जोत्याच्या आत, तक्तपोशीच्या खाली, जिथे ऊन पोहोचत नाही आणि केरसुणीही पोहोचत नाही, तिथे काय चालले आहे याची विचारपूस क्वचितच होते. ओलसर लाकूड, कोंडलेली हवा आणि अंधार यांच्या संगतीत तिथे जी बुरशी वाढते, तिने घरे पोखरली, युद्धनौका निकामी केल्या आणि मोठमोठ्या विद्वानांना दीर्घकाळ चकवले. या लेखात आम्ही त्या बुरशीचा इतिहास सांगणार आहोत. तो वाचताना एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी येईल. या रोगाला माणसाने कधी शाप म्हटले, कधी लाकडाचा दोष म्हटले, कधी दूषित हवेचा परिणाम म्हटले. परंतु उपाय सापडला तो खाली वाकून नीट पाहणाऱ्यांनाच.

घराला होणाऱ्या रोगाचा एक अतिप्राचीन लिखित उल्लेख आपल्या परिचयाच्या ग्रंथात आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात भिंतीवर उमटणाऱ्या हिरवट वा तांबूस चट्ट्यांविषयी सविस्तर नियम दिले आहेत. हा अध्याय आपल्या उपासनेत फारसा वाचला जात नाही, आणि वाचला गेलाच तर महारोग्याच्या शुद्धीकरणापाशी थांबतो. म्हणून तो नियम येथे थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. घरमालकाला भिंतीवर चट्टा दिसला की त्याने याजकाकडे जाऊन तसे कळवायचे. याजक येण्यापूर्वी घरातील सामानसुमान बाहेर काढायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी सामान अशुद्ध ठरू नये. मग याजकाने आत जाऊन चट्टा भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा खोल गेला आहे काय हे पाहायचे आणि घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा पाहणी. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतल्या भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही चट्टा परतला तर दगड, लाकूड, गिलावा यांसह सारे घर पाडायचे. न परतला तर घर शुद्ध ठरवून शुद्धीकरणाचा विधी करायचा.

या नियमात दोन गोष्टी आम्हाला विशेष वाटतात. पहिली ही की हा दोष देवाच्या अनुज्ञेनेच येतो असे तेथे मानलेले असूनही, याजकाने घरमालकाच्या पापाची चौकशी करावी असे एका शब्दानेही सांगितलेले नाही. पुढील काळातील यहुदी आचार्यांनी हा दोष निंदानालस्तीशी आणि कद्रूपणाशी जोडला खरा. परंतु मूळ नियमात याजकाचे काम पाहण्याचे, थांबण्याचे आणि पुन्हा पाहण्याचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे येथे घाई नाही. घर पाडणे हा अखेरचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आता आपण युरोपात येऊ. तेथील थंड प्रदेशात घराची जमीन मातीची वा फरशीची नसे. जोत्याच्या भिंतींवर लाकडी वासे आडवे टाकून त्यांवर फळ्या ठोकीत. जमीन आणि फळ्या यांच्यामध्ये हातभर पोकळी राही. पाय थंड पडू नयेत म्हणून ही सोय उत्तम होती. परंतु भोवतालची माती ओली असली आणि पोकळीतील हवा खेळती नसली, की त्या वाशांची टोके ओल धरीत. काही वर्षांनी एके दिवशी चालता चालता फळी पायाखाली दबे. उचलून पाहावे तर खालचे लाकूड तपकिरी पडलेले, उभ्या-आडव्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे झालेले, आणि बोटांनी चुरडताच त्याची पूड होई. लाकूड असे कोरडे ठणठणीत दिसत असल्यामुळे इंग्रजांनी या रोगाला 'कोरडी कूज' असे नाव दिले. हे नाव दिशाभूल करणारे आहे. तो कोरडेपणा रोगाच्या अखेरचा असतो. सुरुवात ओलीतूनच होते.

या बुरशीला शास्त्रीय नाव देण्याचा मान एका कॅथलिक धर्मगुरूकडे जातो, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसेल. फ्रान्झ झेवियर फॉन वुल्फेन हे येशूसंघीय फादर १७२८ साली बेलग्रेड येथे जन्मले आणि पुढे ऑस्ट्रियातील क्लागनफुर्ट येथे स्थायिक झाले. १७७३ साली पोपमहोदयांच्या आज्ञेने येशूसंघ विसर्जित झाला. आयुष्याचा आधारच काढून घेतला जावा अशी ती वेळ. फादर वुल्फेन क्लागनफुर्टलाच राहिले आणि १८०५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आल्प्स पर्वतातील वनस्पती, शेवाळी, बुरशा आणि खनिजे यांचा अभ्यास केला. शिशाच्या एका सुंदर नारिंगी खनिजाला आज 'वुल्फेनाइट' म्हणतात, ते त्यांच्याच स्मरणार्थ. १७८१ साली त्यांनी लाकूड खाणाऱ्या या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्या नावात 'लॅक्रिमान्स' हा लॅटिन शब्द घातला. त्याचा अर्थ 'अश्रू ढाळणारी'. जोमाने वाढत असता या बुरशीच्या अंगावर पाण्याचे स्वच्छ थेंब साचतात, आणि ती खरोखरच रडते आहे असे वाटते. पुढे शास्त्रज्ञांनी तिचे कूळ बदलले, आज तिला 'सर्प्युला लॅक्रिमान्स' म्हणतात. परंतु त्या फादरांनी दिलेले अश्रू तिच्या नावात कायम राहिले आहेत.

घराच्या तळाची ही कहाणी सांगताना थोडा वेळ जहाजाच्या तळाकडे वळणे भाग आहे. कारण घर कुजले तर एक कुटुंब हळहळते, पण युद्धनौका कुजली की सरकारला जाग येते. इंग्लंडच्या आरमाराचे एक प्रमुख अधिकारी सॅम्युएल पेपिस यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस गोदीत नुसत्या उभ्या असलेल्या नव्या जहाजांच्या तळात उतरून पाहणी केली. तेथे मुठीएवढी भूछत्रे वाढलेली त्यांना आढळली आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने गोळा केली. हा वृत्तान्त त्यांनी १६९० साली छापलेल्या आपल्या पुस्तकात नमूद केला आहे. सव्वाशे वर्षांनी तोच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या धांदलीत न मुरलेले लाकूड वापरून जहाजे बांधली जात होती. 'क्वीन शार्लोट' ही शंभर तोफांची नौका १८१० साली पाण्यात सोडण्यात आली आणि समुद्रावर कामगिरीला निघण्यापूर्वीच ती आतून कुजलेली निघाली. १८१२ साली आरमाराने जेम्स सॉवरबी या निसर्गशास्त्रज्ञास तिच्यावरील बुरशांची पाहणी करण्यास पाचारण केले. शत्रूचा एकही गोळा न लागता पराभूत झालेली अशी ही नौका होती.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. ओक वृक्षाच्या लाकडाची टंचाई आणि त्याची ही कूज यांनी त्रस्त झालेल्या इंग्रज आरमाराने मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधून घेण्यास सुरुवात केली. सागाच्या लाकडात मुळातच असे तेलकट पदार्थ असतात की बुरशीला ते सहसा पचत नाही. वाडिया घराण्यातील कुशल बांधकामप्रमुख जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली १८१० साली 'मिंडेन' आणि १८१७ साली 'त्रिंकोमाली' या नौका येथे तयार झाल्या. 'क्वीन शार्लोट' आणि 'मिंडेन' एकाच वर्षी पाण्यात उतरल्या, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. मलबारच्या सागवानातून घडविलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली पाहावयास मिळते.

एवढे होऊनही मूळ प्रश्न सुटला नव्हता. लाकूड कुजते म्हणून बुरशी येते, की बुरशी येते म्हणून लाकूड कुजते? आज हा प्रश्न सोपा वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वानांचे मत असे होते की लाकडातील रस आपोआप आंबतो, लाकूड सडते आणि त्या सडण्यातून बुरशी आपसूक जन्म घेते. १८३३ साली थिओडोर हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने कुजक्या लाकडात सूक्ष्म तंतू पाहिले. सत्य त्यांच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडले होते. तरीही प्रचलित मताला अनुसरून त्यांनी निष्कर्ष काढला, तो असा की लाकडाच्या पेशीच रूपांतर पावून हे तंतू बनतात.

थिओडोर यांचे पुत्र रॉबर्ट हार्टिग १८३९ साली जन्मले आणि वडिलांच्याच विद्येत वाढले. दरम्यान लुई पाश्चर यांनी सजीव आपोआप उत्पन्न होत नाहीत हे प्रयोगांनी दाखवून दिले होते. रॉबर्ट यांनी वडिलांनी पाहिलेले तंतू पुन्हा पाहिले, आणि त्यांचा अर्थ उलटा लावला. तंतू बाहेरून आत शिरतात, लाकडाच्या पेशींच्या भिंती विरघळवतात आणि त्यावर आपला उदरनिर्वाह करतात. कूज हे कारण नसून कार्य आहे, असे त्यांनी सिद्ध केले. लाकडाच्या विघटनावरील त्यांचा ग्रंथ १८७८ साली आणि घरातील या विशिष्ट बुरशीवरील स्वतंत्र ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. पित्याने जे पाहिले त्याचा खरा अर्थ पुत्राने सांगितला, आणि असे करताना पित्याचे निरीक्षण टाकून न देता त्याच्यावरच उभारणी केली. विद्येच्या क्षेत्रात याहून मोठे पितृऋण कोणते फेडावयाचे?

तेव्हापासून आपल्याला जे कळले आहे ते असे. लाकडात मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन हे पदार्थ असतात. ही बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. म्हणून उरलेला सांगाडा तपकिरी, ठिसूळ आणि भेगाळलेला दिसतो. लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या खाली असेल तर तिला पाय रोवता येत नाही. त्याच्या बरेच वर गेले की ती फोफावते. तिचे राखाडी दोरीसारखे तंतू विटा व चुना यांच्या फटींतून वाट काढीत, खाण्याजोगे काही नसलेली भिंत ओलांडून पलीकडच्या लाकडापर्यंत पोहोचतात, आणि जाताना अन्नपाणीही वाहून नेतात. तिचे बीजाणू गंजासारख्या तांबूस पुडीच्या रूपाने खोलीभर पसरतात. पुष्कळदा घरमालकाला रोगाची पहिली वर्दी या पुडीनेच मिळते. आणि तिला थंडावा लागतो. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. त्याच्या फार वर गेले की तिची वाढ थांबते. त्यामुळे आपल्या कोकणपट्टीच्या उष्ण हवेत ती नांदत नाही. भारतात तिचे घर आहे ते हिमालयात. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ के. बागची यांनी १९५४ साली तिच्या भारतातील अस्तित्वाविषयी लिहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असे दाखविले की जगभरच्या घरांत शिरलेले तिचे वाण मूळचे आशिया खंडातले असून माणसाच्या हाताने दूरदूर गेले आहे. अरण्यात पडलेल्या खोडाचे मातीत रूपांतर करणे हे तिचे निसर्गदत्त काम. आपण अरण्यातले लाकूड घरात आणले आणि ओले ठेवले, तेव्हा तिने आपले काम घरात सुरू केले, इतकेच.

हार्टिगपूर्वीही माणूस हातावर हात ठेवून बसला नव्हता. जॉन कायन यांनी १८३२ साली लाकूड रसकापुराच्या पाण्यात भिजविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या पद्धतीवर व्याख्यान दिले. परंतु रसकापूर हे जालीम विष. १८३८ साली जॉन बेथेल यांनी डांबरापासून निघणारे क्रिओसोट तेल लाकडात दाबाने मुरविण्याची रीत काढली. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना तिनेच दीर्घायुष्य दिले. पण राहत्या घराला सर्वांत मोठा आधार मिळाला तो औषधाचा नव्हे, तर दोन साध्या युक्तींचा. जोत्याच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा बसवायच्या, म्हणजे तक्तपोशीखाली वारा वाहता राहतो. आणि भिंतीत जमिनीच्या थोडे वर पाणी न शोषणाऱ्या पदार्थाचा एक पातळ थर घालायचा, म्हणजे मातीतील ओल वर चढत नाही. या जाळ्या कोणी थंडी वाजते म्हणून बुजवीत, कोणी बागेची माती लोटून झाकून टाकीत, आणि काही वर्षांनी नशिबाला बोल लावीत.

आता एक विरोधाभास सांगितला पाहिजे. ओल हीच शत्रू असेल तर पाण्यात उभी असलेली व्हेनिस नगरी केव्हाच कोसळायला हवी होती. १६३० च्या महामारीतून सुटका व्हावी म्हणून व्हेनिसकरांनी आरोग्यमाता पवित्र मरियेच्या नावे जे भव्य मंदिर नवसाने बांधले, ते चिखलात ठोकलेल्या असंख्य लाकडी खुंटांवर उभे आहे. सेंट मार्क महामंदिराचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला, तेव्हा पायाखालचे शतकानुशतकांचे जुने खुंट मजबूत आढळले. पाया रुंद करून मनोरा पुन्हा बांधला गेला आणि १९१२ साली सेंट मार्कच्या सणादिवशी खुला झाला. याचे कारण असे की बुरशीला पाणी लागते तशीच हवाही लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही. तिथे काही जिवाणू अत्यंत सावकाश झीज करतात, पण बुरशीचा शिरकाव होत नाही.

याची दुसरी बाजू अमेरिकेतील बोस्टन शहराने अनुभवली. या शहराचा मोठा भाग खाडीत भराव घालून वसविला आहे. १८७७ साली पूर्ण झालेले तेथील ट्रिनिटी चर्च सुमारे ४,५०० लाकडी खुंटांवर उभे आहे. हे खुंट भूजलाच्या पातळीखाली आहेत तोवर निर्धास्त; परंतु गळक्या गटारांनी आणि भुयारी बांधकामांनी जमिनीतील पाणी ओढून नेले, पातळी खाली गेली आणि खुंटांची डोकी उघडी पडली. ना बुडालेली, ना सुकलेली, अशी ती अर्धवट ओली लाकडे बुरशीला आयती सापडली. १९२९ साली त्याच चौकातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या भिंतींना तडे दिसू लागले. खाली खणून पाहिले तर खुंट कुजलेले. कुजका भाग कापून काढून त्या जागी काँक्रीट भरावे लागले. १९८६ साली भूजलाच्या पातळीवर नजर ठेवण्यासाठी शहरात एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला. इतर गावांत पाणी चढले की लोक घाबरतात; बोस्टनमध्ये ते उतरले की घाबरतात.

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ काय? लाकूड पाण्याने मरत नाही आणि उन्हानेही मरत नाही. ते मरते अर्धवट ओलीत, बंद हवेत, कोणाचे लक्ष नसताना. आपल्याकडे ती अश्रू ढाळणारी बुरशी नसली तरी तिच्या इतर भावंडांची वाण नाही, आणि वाळवी तर आहेच. आपल्या धर्मग्रामांतील जुनी घरे पाहा. मुले नोकरीसाठी शहरात वा परदेशी गेली, घराला कुलूप लागले, आणि पावसाळ्याचे चार महिने खिडकी उघडणारे कोणी उरले नाही. कित्येक ठिकाणी तक्तपोशीवर मेणकापड अंथरले जाते, लाकडी उंबऱ्याभोवती सिमेंटचा गिलावा घट्ट लिंपला जातो. आत शिरलेली ओल मग बाहेर पडायला वाट शोधीत राहते. आजोबांनी सागवानी तुळया बसविल्या होत्या त्या अजून शाबूत आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो. सागाची कीर्ती खरी आहे. परंतु भिंतीत रुतलेली त्याची टोके वर्षानुवर्षे ओल पीत राहिली तर सागालाही मर्यादा आहेत.

अशा घरात कोपऱ्यात काळसर चट्टा उमटला, कुबट वास येऊ लागला, फळी खचली, की दबक्या आवाजात बोलणे सुरू होते. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी शेजाऱ्याची करणी म्हणतो, कोणी घरालाच अपशकुनी ठरवतो. धर्मगुरूंना घर आशीर्वादित करण्यास बोलावले जाते, आणि ते अगदी योग्य आहे. परंतु लेवीय पुस्तकातील याजक हातात केवळ शुद्धीकरणाचे साहित्य घेऊन येत नव्हता. तो आधी घर रिकामे करवीत होता, चट्टा किती खोल आहे हे पाहत होता, सात दिवस थांबत होता, आणि कुजका भाग काढल्यानंतरच आशीर्वादाकडे वळत होता. कौल फुटले आहे काय, पन्हाळीचे पाणी जोत्यात मुरते काय, झरोके कोणी बुजविले काय, हे आधी पाहावे. येत्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या कोरड्या दिवशी बंद घराचे कुलूप काढावे, खिडक्या उघडाव्यात, कंदील वा विजेरी घेऊन तक्तपोशीखाली डोकावावे आणि वाशाच्या टोकाला सुरीचे अग्र टोचून पाहावे. लाकूड निरोगी असेल तर सुरी अडेल. ती लोण्यात शिरावी तशी आत शिरली, तर शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी सुताराला बोलावणे धाडावे.